हँड ग्राइंडरच्या हेडमधलं ग्रीस बदलताना

ग्राइंडरचं हेड, म्हणजे गिअर असलेला पुढचा भाग, उघडलं की बहुतेकांचा हात आधी चिंधीकडे जातो. काळं ग्रीस दिसलं, पुसलं, नवं भरलं, झाकण लावलं. मी आधी ते जुनं ग्रीस बोटावर घेते. बंद हेडच्या आत इतके दिवस काय चाललं होतं हे सांगणारी तेवढी एकच गोष्ट हातात असते, आणि एकदा पुसली की ती गेली. मी मशीन दुरुस्तीचं काम करते आणि ग्राइंडर रोज उघडते. माझा अनुभव असा की जुनं ग्रीस नीट पाहण्यात आणि नवं बेताचं घालण्यात लोक कमी पडतात. स्क्रू खोलणं आणि लावणं सगळ्यांनाच जमतं.

आधी आतली रचना. आर्मेचरच्या, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाच्या, टोकाला छोटं दातेरी पिनियन असतं आणि त्याला काटकोनात भिडलेला मोठा क्राउन गिअर. क्राउन स्पिंडलवर घट्ट बसवलेला असतो आणि स्पिंडलच्या खालच्या टोकाला आपली डिस्क लागते. १०० किंवा १२५ मिलिमीटरच्या ग्राइंडरवर ११,००० आरपीएम असं काहीतरी लिहिलेलं असतं. तो वेग स्पिंडलचा. मोटर त्याच्या साधारण तिप्पट, म्हणजे तीस हजारांच्या घरात फिरत असते. या वेगाने दात एकमेकांवर घासतात तेव्हा मधे ग्रीसचा थर टिकून राहायला हवा. तो तुटला की लोखंडावर लोखंड येतं, हेड तापतं, तापलं की ग्रीसमधलं तेल सुटतं, आणि तेल सुटलं की दात आणखी कोरडे पडतात. यानंतर दात झिजायला फार वेळ लागत नाही.

ग्रीस बदलायची वेळ कशी ओळखायची? आवाज हा पहिला इशारा. एकसारखी घरघर जाऊन तिच्यात किरकिर मिसळते. दुसरा इशारा म्हणजे थोडंसं काम केल्यावरच हेडला हात लावता येत नाही. तिसरा, स्पिंडलच्या कडेने काळपट तेल पाझरतं. पण प्रत्येक आवाज ग्रीसचा नसतो. प्लग काढा, डिस्क उतरवा आणि स्पिंडल बोटांत धरून बाजूला डोलवून पाहा. ते बाजूला हललं तर बेअरिंग गेलेलं आहे, आणि तिथे कितीही चांगलं ग्रीस घातलं तरी आवाज जाणार नाही. स्पिंडल गोल फिरवताना किंचित मोकळीक जाणवते, ती मात्र दातांमधली आहे आणि ती असायलाच हवी.

काही बिघडलेलं नसतानाही ग्रीस बदलावं. तासांचा हिशेब कुणी ठेवत नाही, म्हणून मी कार्बनवरून, म्हणजे मोटरला वीज पोचवणाऱ्या, झिजत जाणाऱ्या तुकड्यांवरून ठरवते. कार्बन दुसऱ्यांदा बदलायची वेळ आली की हेडही उघडायचं. दगड, फरशी किंवा काँक्रीट कापणाऱ्याने दर वेळच्या कार्बनबरोबर उघडावं, कारण ती धूळ सीलच्या आत शिरतेच. मशीन वॉरंटीत असेल तर मात्र स्वतः उघडू नका.

आता ग्रीस कोणतं, हा प्रश्न. इथे जरा थांबावंच लागेल, कारण सगळ्यात जास्त मशीन याच ठिकाणी बिघडतात.

ग्रीस किती घट्ट आहे हे एनएलजीआय नंबर सांगतो. ००० सगळ्यात पातळ, ६ सगळ्यात घट्ट. ठरावीक वजनाचा शंकू ग्रीसमध्ये सोडून तो किती खोल जातो यावरून हा नंबर ठरतो. २ नंबरच्या ग्रीसमध्ये तो २६.५ ते २९.५ मिलिमीटर जातो, १ नंबरमध्ये ३१ ते ३४, आणि ० नंबरमध्ये ३५.५ ते ३८.५. गाड्यांच्या चाकाच्या बेअरिंगला घालतात ते डब्यातलं ग्रीस बहुधा २ किंवा ३ नंबरचं असतं. तेच ग्राइंडरच्या हेडमध्ये भरणारे पुष्कळ आहेत, कारण ते हाताशी असतं.

ते का चालत नाही, हे अशा हेडमध्ये डोकावलं की लगेच कळतं. क्राउन फिरताना भोवतीचं घट्ट ग्रीस बाजूला ढकलून स्वतःसाठी गोल चर पाडतो. ग्रीस चराच्या दोन्ही बाजूंना भिंतीसारखं तसंच उभं राहतं, परत दातांवर येत नाही. हेड ग्रीसने भरलेलं आणि दात मात्र कोरडे, घासून चकचकीत झालेले. असं हेड मी उघडते तेव्हा ग्रीसमध्ये क्राउनचा ठसा जसाच्या तसा उमटलेला असतो. उलट फार पातळ ग्रीस सीलमधून खाली डिस्कवर तरी येतं, नाहीतर मागे मोटरमध्ये तरी जातं. चर पडला तरी हळूहळू परत दातांकडे सरकेल आणि तरीही सीलच्या आत राहील, असं काहीतरी मधलं हवं.

मशीनच्या कंपनीचं ग्राइंडरच्या गिअरसाठीचं ग्रीस मिळालं तर दुसरा विचार करू नका. ते नसेल तर लिथियम कॉम्प्लेक्सवर बनलेलं, जास्त दाब झेलणारं, म्हणजे डब्यावर ईपी लिहिलेलं, ० किंवा १ नंबरचं ग्रीस घ्या. मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं काळं ग्रीस दातांना चांगलं. ग्रॅफाइटचं ग्रीस मी टाळते. ग्रॅफाइटमधून वीज वाहते, आणि ते कधी मागे सरकून मोटरमध्ये गेलं तर नसता घोळ होतो. गंज सोडवायचा स्प्रे हेडमध्ये मारणं तर साफ चूक. तो क्षणभर आवाज कमी करतो आणि उरलंसुरलं ग्रीस धुऊन काढतो.

आणखी एक. जुन्यावर नवं घालायचं नाही. ग्रीस म्हणजे तेल आणि त्याला धरून ठेवणारा साबण किंवा तसाच दुसरा घट्ट करणारा पदार्थ. लिथियमचं ग्रीस आणि पॉलियुरियाचं किंवा बेंटोनाइट मातीचं ग्रीस एकत्र आलं की बऱ्याचदा पकड सुटते आणि मिश्रण पाण्यासारखं वाहू लागतं. कंपनीने आत काय घातलंय हे बाहेरून कळत नाही, तेव्हा जुनं पूर्ण काढा.

आता हत्यारं. दांड्याला आणि टोकाला झीज नसलेला, स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारा डिसमिस, प्लॅस्टिकची किंवा लाकडी हातोडी, जुना दात घासायचा ब्रश, थोडं रॉकेल, धागे न सुटणाऱ्या चिंध्या, एक लोहचुंबक, लाकडाची चपटी काडी आणि डोळ्यांना चष्मा. रॉकेलऐवजी पेट्रोल वापरू नका. त्याची वाफ खोलीभर पसरते आणि एका ठिणगीवर पेटते.

प्लग सॉकेटमधून काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी उतरवून बाजूला ठेवा. डिस्क, वरचा आणि खालचा फ्लॅंज, आणि गार्ड काढा. गार्ड बेअरिंग कव्हरच्या गळ्यावर पट्ट्याने बसलेला असतो आणि बऱ्याच मशीनमध्ये कव्हरचे स्क्रू त्याच्याच खाली लपलेले असतात. सगळी बाहेरची धूळ ब्रशने झाडून घ्या. आता झाडली नाही तर झाकण उघडताक्षणी ती आत पडेल.

हेड उघडायच्या दोन वाटा आहेत. पहिली, हेडच्या तोंडावरचं, डिस्कच्या बाजूचं बेअरिंग कव्हर चार स्क्रू काढून उतरवायचं. क्राउन आणि स्पिंडल कव्हरसकट एकत्र बाहेर येतात. दुसरी, हेडच मोटरपासून वेगळं करायचं. ग्रीस बदलायला पहिली वाट पुरते आणि मी तिथेच थांबते. दुसऱ्या वाटेने गेलात तर हेडबरोबर आर्मेचरही ओढलं जातं, आणि कार्बन आधी काढून ठेवले नसतील तर ते स्प्रिंगच्या जोराने पुढे येतात. आर्मेचर परत आत ढकलताना त्यांचे कोपरे तुटतात. तेव्हा हेड काढायचंच असेल तर आधी दोन्ही कार्बन बाहेर.

कव्हरचे स्क्रू अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा मॅग्नेशियमच्या हेडमध्ये बसलेले असतात आणि ते कधीकधी हट्टाने सुटत नाहीत. डिसमिस खाचेत सरळ उभा धरून मागून हातोडीचे दोन-तीन ठोके द्या, मग वजन टाकून फिरवा. खाच एकदा गोल झाली की पुढचा सगळा दिवस त्या एका स्क्रूत जातो. स्क्रू निघाल्यावर कव्हर चिकटून बसलेलं असेल तर कडेने प्लॅस्टिकच्या हातोडीने हलकेच ठोका आणि स्पिंडल धरून इकडेतिकडे हलवत ओढा. सांध्यात डिसमिस घालून उचकटू नका. सांध्याच्या पृष्ठभागावर पडलेला तो ओरखडा पुढे कायम ग्रीस गाळत राहतो.

कव्हर निघताना हात सावकाश ठेवा. काही मशीनमध्ये कव्हर आणि हेडच्या मधे कागदाचं पातळ गॅस्केट असतं, काहींत रबरी रिंग, काहींत क्राउनच्या मागे पातळ शिम वॉशर. शिम ग्रीसला चिकटून चिंधीत निघून जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. तो शिमच पिनियन आणि क्राउनमधलं अंतर ठरवतो. जे काही निघेल ते ज्या क्रमाने निघालं त्याच क्रमाने एका पांढऱ्या कागदावर मांडा. मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा.

आता ते बोटावरचं ग्रीस. चिमूटभर घेऊन दोन बोटांत चोळा आणि उजेडात धरा.

एकसारखं करडं, मऊ, चमक अगदी बारीक, हे चांगलं लक्षण. नवीन मशीनचं पहिलं ग्रीस तर असंच निघतं, कारण सुरुवातीला दात एकमेकांना घासून जमून बसतात. बोटांना खरखर लागली आणि चुंबकाला काही चिकटलं नाही, तर ती दगडाची धूळ आहे, म्हणजे कव्हरचं सील किंवा धूळ अडवणारी रिंग गेलेली आहे. चुंबकाला डोळ्यांना दिसतील असे कण चिकटले तर दात किंवा बेअरिंग तुटतंय. सोनेरी चमक दिसली तर पितळेचं किंवा काशाचं काहीतरी झिजतंय, बहुधा स्पिंडलच्या वरच्या टोकाचा बुश, म्हणजे ते टोक ज्यात फिरतं ती धातूची नळी, नाहीतर बेअरिंगचा पिंजरा. दुधाळ रंग आला तर आत पाणी गेलेलं आहे. काळी कोरडी खपली आणि करपलेला वास आला तर हेड फार तापलेलं होतं. आणि कडेला पिवळसर तेल वेगळं व मधे घट्ट गोळा, तर ग्रीस म्हातारं झालंय. त्यातलं तेल सुटलं, साबण उरला.

एकदा एका मशीनच्या ग्रीसमध्ये मला सुईच्या टोकाएवढे नाही, चांगले तांदळाच्या दाण्याएवढे लोखंडाचे दोन तुकडे सापडले. दात तर शाबूत होते. ते तुकडे स्पिंडल लॉकच्या पिनचे होते. डिस्क काढायला आपण हेडवरचं बटण दाबतो तेव्हा ही पिन क्राउनच्या भोकात जाऊन बसते. मशीन पूर्ण थांबायच्या आधी बटण दाबलं की पिनचं टोक उडतं आणि ग्रीसमध्ये तरंगत राहतं, कधी ना कधी दातांत येईपर्यंत. त्या ग्रीसवर आणखी नवं ग्रीस घातलं असतं तर तुकडे आतच राहिले असते.

पाहून झालं की साफसफाई. लाकडी काडीने जास्तीचं सगळं खरवडून काढा, मग रॉकेलमध्ये भिजवलेल्या ब्रशने क्राउनचा एकेक दात आणि हेडच्या आतले कोपरे घासा. पिनियन हेडमध्येच असेल, तेव्हा हेड उलटं धरा, म्हणजे तोंड खाली, आणि ब्रश अगदी थोडा ओला ठेवा. रॉकेल हेडमध्ये ओतायचं नाही. ते पिनियनच्या मागच्या बेअरिंगमधून सरळ मोटरमध्ये उतरतं. बाजूंना स्वतःचं झाकण असलेली बंद बेअरिंग रॉकेलमध्ये बुडवू नका, कव्हरमधलं स्पिंडलचं बेअरिंगसुद्धा नाही. त्याच्यातलं कंपनीचं ग्रीस पातळ होतं आणि पुन्हा भरता येत नाही. नुसतं बाहेरून पुसा. हेडच्या तळाशी, स्पिंडलचं वरचं टोक जिथे जातं तिथे, सुयांचं छोटं बेअरिंग किंवा बुश असतो. तो मात्र उघडा असतो, त्याला साफ करून कोरडा करा. शेवटी सगळं कोरड्या चिंधीने पुसून रॉकेल उडून जाईपर्यंत थांबा.

स्वच्छ झालेले दात आता बारकाईने पाहा. दाताच्या मधल्या भागावर घासल्याची चकाकी असेल तर दोन्ही गिअर नीट भिडतायत. फक्त एका टोकाला चकाकी असेल तर शिम हरवला आहे किंवा बेअरिंग सैल आहे. दातांवर खड्डे, तुटलेले कोपरे किंवा सुरीच्या पात्यासारखी झिजलेली धार दिसली तर गिअर बदला, आणि पिनियन व क्राउन दोन्ही एकदमच बदला. जुन्या पिनियनवर नवा क्राउन बसवला तर तो नवाही लवकरच तसाच होतो. कव्हरच्या सीलचा ओठ बोटाने दाबून पाहा. कडक झाला असेल, चिरला असेल तर तो आत्ताच बदला.

आता ग्रीस घालणं. कंपनीच्या माहितीपत्रकात ग्रॅम दिले असतील तर तेच खरे. नसतील तर १०० ते १२५ मिलिमीटरच्या मशीनला साधारण १० ते १५ ग्रॅम, आणि १८० ते २३० च्या मोठ्या मशीनला ३० ग्रॅमच्या आसपास. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा यासाठी उत्तम. काटा नसेल तर गिअर आत बसल्यावर जी मोकळी जागा उरते तिचा तिसरा हिस्सा, फार तर निम्मी जागा भरा.

‘जास्त घातलं तर काय बिघडतं?’ हे मला सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं. काठोकाठ भरलेलं ग्रीस क्राउनला घुसळत बसावं लागतं. घुसळून ते तापतं, फुगतं, आणि त्याला जायला जागा नसते म्हणून सील ढकलून बाहेर पडतं. खाली आलं तर डिस्कवर उडतं. मागे गेलं तर आर्मेचरवर, आणि तिथून कम्युटेटरवर, म्हणजे कार्बन जिथे घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांवर. माझ्याकडे असा एक ग्राइंडर आला होता, तक्रार कार्बन फार ठिणग्या मारतो अशी होती. कार्बन नवेच होते. कम्युटेटरच्या खाचांमध्ये ग्रीस आणि कार्बनची भुकटी मिसळून काळी लापशी भरलेली होती आणि तांब्याच्या पट्ट्या जळून निळ्या पडल्या होत्या. हेडमध्ये ग्रीस इतकं दाबून भरलं होतं की कव्हर काढताच ते स्वतःहून बाहेर आलं. मालकाने मशीनची काळजी घ्यावी म्हणूनच भरलं होतं ते. हेडला भोक पाडून ग्रीस गनने ग्रीस मारणाऱ्यांचंही हेच होतं, शिवाय भोक पाडतानाचा किस आत पडतो तो वेगळाच.

ग्रीस कुठे घालायचं यालाही अर्थ आहे. आधी सुयांच्या बेअरिंगमध्ये किंवा बुशमध्ये बोटाने दाबून थोडं भरा, कारण त्याला दुसरीकडून फारसं मिळत नाही. मग क्राउनच्या प्रत्येक दाताच्या खाचेत काडीने पातळ थर द्या, एकही खाच सुटू देऊ नका. पिनियनच्या दातांवर ब्रशने लावा. उरलेलं ग्रीस हेडच्या आत पिनियनच्या दोन्ही बाजूंना ठेवा, म्हणजे क्राउन ते फिरताना उचलत राहील. पिनियनच्या मागे, मोटरच्या बाजूला ढीग घालू नका.

बंद करताना सांध्याच्या दोन्ही कडा पुसून कोरड्या करा, गॅस्केट किंवा रिंग जागेवर बसवा, शिम जिथून निघाला होता तिथेच ठेवा. कव्हर आत सरकवताना स्पिंडल हाताने सावकाश फिरवा, दात एकमेकांत अलगद बसतात. जोर लावून ठोकू नका. चारही स्क्रू आधी बोटाने, मग समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळा. अ‍ॅल्युमिनियमचे आटे लवकर मरतात, घट्ट झाल्यावर आणखी एक पिळ देण्याचा मोह आवरा.

आता स्पिंडल हाताने पूर्ण एक फेरा फिरवा. ते जडपणे पण एकसारखं फिरायला हवं, किंचित मोकळीक जाणवायला हवी. मधेच अडखळत असेल तर वीज जोडू नका. परत उघडून शिम आणि गॅस्केट तपासा. लॉकचं बटण दाबून पाहा, ते दाबलं जातंय आणि सोडल्यावर परत वर येतंय ना.

गार्ड लावा, डिस्क लावू नका. चष्मा घालून, मशीन दोन्ही हातांत धरून सुरू करा आणि अर्ध्या मिनिटाने बंद करा. पहिल्यांदा आवाज थोडा जाड वाटेल आणि नंतर उतरेल, ग्रीस पसरत असतं तोवर तसं होतं. मग पाचेक मिनिटं मोकळं चालवा. हेड कोमट व्हायला हरकत नाही, तळहात ठेवता आला पाहिजे. मोटरच्या हवेच्या फटींपाशी पांढरा कागद धरा. कागदावर ग्रीसचे शिंतोडे आले तर ग्रीस जास्त झालंय किंवा मागचं सील गेलंय, आणि मशीन तसंच कामाला लावू नका.

रॉकेलच्या चिंध्या त्याच टेबलावर ठेवून शेजारी ग्राइंडर चालवायचा नाही, त्या आधी झाकणाच्या डब्यात आणि खोलीबाहेर. पहिल्या खऱ्या कामानंतर, हेड पूर्ण थंड झाल्यावर, प्लग काढून कव्हरचे चार स्क्रू पुन्हा तपासा. गरम होऊन थंड झालेल्या हेडमध्ये एखादा तरी थोडा सैल मिळतो. सांध्यावर ग्रीसची बारीक रेघ आली असेल तर पुसा आणि पुढच्या कामानंतर परत पाहा. ती रेघ पुन्हा आली तर गॅस्केट नवं घाला.